झाकण आणि आपण

गाडी तापली की तिच्याभोवती जी माणसं जमतात, त्यांना माझा जाहीर विरोध आहे. गाडीला नाही. गाडी बिचारी वाफ सोडते आणि मुकाट उभी राहते. बोलू लागतात ती माणसं!

या मंडळींचे तीन पंथ आहेत. पहिला पाणीपंथ. विहीर, ओढा, हापसा, मिळेल ते ओता! त्यातले क्षार रेडिएटरच्या बारीक नळ्यांत जाऊन बसतात आणि पुढच्या मे महिन्यात गाडी पुन्हा त्याच वळणावर उभी राहते. दुसरा पंथ थर्मोस्टॅटच्या मुळावर उठलेला. ‘काढून फेका हो, कटकट नको!’ थर्मोस्टॅट साधारण 82 ते 88 अंशांना उघडतो; तोवर पाणी रेडिएटरकडे न सोडता इंजिनाला ऊब येऊ देतो. तो काढला की एरवी इंजिन गारठतं, पेट्रोल जास्त पितं, आणि घाटात तापायचं ते तापतंच.

तिसरा झाकणपंथ. याचा मी एके काळी सभासद होतो.

1986 चा मे महिना. मेहुण्याचा साखरपुडा साताऱ्याला. सेकंडहॅण्ड गाडी, पाच माणसं, पेढ्यांचे सहा पुडे आणि खंबाटकीचा घाट. पंख्याचा पट्टा आठ दिवस ‘चीं चीं’ करत होता. मी इलाज म्हणून रेडिओ मोठा केला होता. पट्टा सैल, म्हणजे पंखा आळशी. आणि त्याच पट्ट्यावर पाण्याचा पंप, म्हणजे तोही आळशी. काटा लाल पट्टीत गेलेला मला दिसला. पण ‘माथा आलाच की!’ असं मी म्हणालो. माथा आला नाही, वाफ आली.

एक ट्रकवाला ओरडला, “हात लावू नगा, सायेब! अर्धा तास गप बसा.” पण मुहूर्त चुकत होता. मेहुण्याला मी म्हणालो, “रुमाल घे आणि काढ झाकण.”

त्याचा उजवा हात कोपरापर्यंत भाजला. साखरपुडा झाला, पण अंगठी घालायला बोट मोकळं नव्हतं. ती आईच्या पर्समध्ये राहिली. सगळे म्हणाले, “नशीब, डोळे वाचले.” मेहुणा आजवर एक शब्द बोललेला नाही. तो बोलला असता तर बरं झालं असतं.

पंखा बदनाम होतो तो असा. वास्तविक गाडी साठाच्या वेगाने धावत असली की समोरचा वाराच रेडिएटर थंड करतो. पंख्याची खरी गरज गाडी रांगते किंवा खोळंबते तेव्हा. हल्ली तो विजेवर चालतो. तापमान वाढलं की आपण होऊन फिरतो. कित्येक गाड्यांत चावी काढल्यावरही फिरत राहतो, तर लोक म्हणतात, ‘बॅटरी खातोय!’ अहो, तो तुमचं इंजिन वाचवतोय. आणि गाडी उभी असताना काटा चढूनही तो फिरत नसेल, तर पाणी ओतू नका. फ्यूज पाहा, रिले पाहा.

काटा चढू लागला की एसी बंद करा आणि हीटर लावा. हो, मे महिन्यात! इंजिनाची उष्णता तेवढीच आत येते. घरची माणसं वेड्यात काढतील; काढू द्या. तरीही काटा उतरला नाही तर गाडी बाजूला घ्या, इंजिन बंद करा आणि गप बसा.

बंद झाकणाखाली पाणी शंभर अंशांच्या वर जाऊनही उकळत नाही, कारण दाब असतो. झाकण उघडलं की दाब जातो आणि सगळं एकदम उसळून अंगावर येतं. दवाखान्याच्या बाकावर मी हे शास्त्र सौभाग्यवतींना सांगू लागलो. त्या म्हणाल्या, “म्हणजे कुकरच की! शिटी पडायच्या आत आम्ही कधी उघडतो का?”

तेव्हापासून माझं मत पक्कं आहे. ज्याला घरात कुकरला हात लावायची परवानगी नाही, त्याने घाटात रेडिएटरला लावू नये.