पाखरांच्या वाटेवरचे दिवे

21 ऑक्टोबर 2023 च्या संध्याकाळी न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कमधील तलावावर एक हजार ड्रोन उडवले गेले. ‘स्टुडिओ ड्रिफ्ट’ या डच कलावंतांच्या जोडीचा हा खेळ. मैनांचा थवा आभाळात जशी वळणे घेतो, तशी ती दिव्यांची नक्कल. आपल्याकडे हिवाळ्यात ज्वारीच्या शेतांवर भोरड्यांचे थवे असेच लाटांसारखे वळतात. ज्यांनी ते पाहिले आहेत त्यांना वेगळे सांगायला नको.

गर्दी खूश होती. पक्षीप्रेमींनी मात्र हरकत घेतली, कारण ऑक्टोबर हा स्थलांतराचा महिना. कॅनडाकडून दक्षिणेला निघालेली लहान पाखरे रात्री उडतात, ताऱ्यांवरून दिशा धरतात आणि थकली की याच बागेत उतरतात. पाखरांची नक्कल दाखवायला खऱ्या पाखरांचीच वाट अडवायची, हा प्रकार आम्हालाही खटकला.

यावर कुणी म्हणेल, फटाक्यांपेक्षा ड्रोन बरे. खरेच आहे. धूर नाही, धमाका नाही. पण म्हणून ड्रोन निरुपद्रवी ठरत नाहीत. मे 2021 मध्ये कॅलिफोर्नियातील बोल्सा चिका अभयारण्यात सुरय पक्ष्यांच्या विणीच्या बेटावर एकच ड्रोन कोसळला. दिव्यांच्या खेळातला नव्हे, साधाच. सुमारे तीन हजार पक्षी घाबरून उडाले ते परतलेच नाहीत. मागे सुमारे दीड हजार अंडी राहिली.

प्रेषित मुहम्मद (स.) यांच्या एका सफरीतला प्रसंग आपल्या घरांत मुलांना सांगितला जातो. सोबत्यांनी घरट्यातून दोन पिल्ले उचलली, आई पंख फडफडवत घिरट्या घालू लागली. हिला कुणी दुखावले, असे विचारून प्रेषितांनी पिल्ले परत ठेवायला लावली. सोबत्यांचा हेतू वाईट नव्हता. विचारणा तरीही झाली.

आणि उपाय अवघड नाही. तो त्याच न्यूयॉर्कने दाखवला आहे. 11 सप्टेंबरच्या हल्ल्यात गेलेल्यांच्या स्मरणार्थ तेथे दरवर्षी 88 प्रखर दिव्यांचे दोन झोत आभाळात सोडतात. 2017 च्या एका अभ्यासानुसार, सात वर्षांतल्या अवघ्या सात रात्रींत सुमारे 11 लाख पक्षी या प्रकाशामुळे भरकटले. झोतात अडकलेली पाखरे तिथेच गोल फिरत राहतात. म्हणून स्वयंसेवक रात्रभर वर बघत मोजणी करतात, आकडा हजाराच्या वर गेला की सुमारे 20 मिनिटे दिवे बंद. काही मिनिटांतच पाखरे मार्गाला लागतात. दुःखाचे दिवे विझवता येतात, मग करमणुकीची तारीख बदलायला काय हरकत असावी?

आपल्याकडेही ड्रोनचे खेळ आले आहेत. जानेवारी 2022 मध्ये दिल्लीच्या बीटिंग रिट्रीटला एक हजार ड्रोन होते. उद्या ते लग्नातही येतील. (वलीम्यातल्या इस्राफबद्दल पुन्हा कधीतरी!) जायकवाडी, उजनी, नांदूर मधमेश्वर येथे ऑक्टोबर ते मार्च पाहुणे पक्षी मुक्कामाला असतात आणि आपली लग्नसराईही बरीचशी त्याच महिन्यांत. अशा पाणवठ्याजवळ कुणी खेळ ठरवत असेल, तर परवानगी देणाऱ्यांना आपण आधीच लेखी विचारावे: वनखात्याला कळवले आहे का, आणि एप्रिलनंतरची तारीख चालेल का? तोवर बरेचसे पाहुणे परतलेले असतात.