आधी कान, मग काठी

परवा एका मित्राचा मेसेज आला. "पुढच्या महिन्यात शॉर्टफिल्म करतोय. तू मागे बूम धरला होतास ना? काय काय सामान लागतं त्याची एक लिस्ट पाठव ना पटकन." मी उत्साहाने एक्सेल उघडलं (सवय!), पहिल्या ओळीत 'माइक' लिहिलं आणि थांबलो. ते खोडून तिथे 'हेडफोन' लिहिलं. या खाडाखोडीमागे एक गोष्ट आहे आणि ती सांगितल्याशिवाय नुसती लिस्ट पाठवण्यात काही अर्थ नाही. म्हणून हे शनिवारचं पुराण.

दोन वर्षांपूर्वी ऑफिसातल्या आम्ही पाच जणांनी काँट्री काढून एक शॉर्टफिल्म केली. बरेचसे पैसे कॅमेरा आणि लेन्सच्या भाड्यात गेले. कोणती लेन्स घ्यायची यावर तीन मीटिंगा झाल्या. आवाजावर एकही झाली नाही. कुणाच्या तरी ओळखीने एक माइक, एक लांब पोल आणि एक छोटा रेकॉर्डर मिळाला आणि आम्ही त्या विषयावर टिकमार्क करून मोकळे झालो. बूम कोण धरणार? जो रिकामा असेल तो. रिकामा मी होतो, शिवाय उंची पाच फूट अकरा इंच. एवढ्या पात्रतेवर माझी नेमणूक झाली.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: सिनेमाच्या सेटवर नटांच्या डोक्यावर, फ्रेमच्या जरा बाहेर, एका लांब काठीच्या टोकाला माइक धरून जो माणूस उभा असतो तो बूम ऑपरेटर. सगळे त्याला 'काठी धरणारा' समजतात. मीही तसंच समजत होतो.

शूटिंग सिंहगड रोडवरच्या एका मित्राच्या फ्लॅटमध्ये होतं आणि मुख्य भूमिकेत त्याची आई. काकू तरुणपणी राज्य नाट्य स्पर्धेत कामं करायच्या. मग नोकरी, संसार... तीस वर्षांत तोंडाला रंग लागला नव्हता. प्रसंग साधा होता. परदेशातल्या मुलाचा फोन येतो, घरात वडील आजारी आहेत आणि आई मात्र "सगळं उत्तम आहे" म्हणून सांगते. पहिले दोन टेक ठीकठाक झाले. तिसऱ्या टेकला काकूंनी काय केलं ते मला शब्दांत सांगता येणार नाही. एका वाक्याच्या मध्येच त्या थांबल्या, आवंढा गिळला आणि हसून म्हणाल्या, "तू जेवलास का?" कोणी 'कट' म्हणेना. कॅमेरावाला डोळे पुसत होता. माझे हात भरून आले होते, पण वाटलं, वा, आपणही यात आहोत!

रात्री फाइल लॅपटॉपवर टाकली. आधी फ्रिजची घरघर ऐकू आली. मग कुठेतरी लांब, विहिरीत बसून बोलल्यासारख्या काकू.

डीबगिंगला अर्धा तास लागला. त्या रेकॉर्डरला स्वतःचे दोन छोटे माइक होते आणि बाहेरून केबल लावायचीही सोय होती. जेवणाच्या सुट्टीत आम्ही बॅटऱ्या बदलल्या, त्या गडबडीत कुणाचा तरी हात लागला असावा. दुपारनंतरचं सगळं रेकॉर्डिंग रेकॉर्डरच्या आतल्या माइकवर झालं होतं. आणि रेकॉर्डर ठेवला होता स्वयंपाकघराच्या ओट्यावर, फ्रिजशेजारी. थोडक्यात, मी तीन तास शोभेचा दांडा धरून उभा होतो. हेडफोन होता, एकच होता, आणि तो दिग्दर्शकाच्या गळ्यात होता. कानांवर नव्हे, गळ्यात. दिग्दर्शक दिसण्यासाठी.

पंधरा दिवसांनी काकूंना डबिंगला बोलावलं. मित्राच्या बेडरूममधलं कपाट उघडून, भोवती गोधड्या टांगून आम्ही स्टुडिओ केला. ओठ जुळले, शब्द जुळले. चार-पाच वेळा करून झाल्यावर काकू म्हणाल्या, "अरे, तेव्हा मी बोलत होते रे. आता मी वाचतेय." फिल्म तशीच पूर्ण झाली. काकूंनी पाहिली, "छान झालीये" म्हणाल्या आणि चहा टाकायला उठल्या.

तर माझं मत हे असं बनलेलं आहे. बूम ऑपरेटरचं सगळ्यात आवश्यक साधन म्हणजे हेडफोन, आणि तो खुद्द बूम धरणाऱ्याच्या डोक्यावर पाहिजे. ज्याला ऐकू येत नाही त्याला नेम कसा धरता येणार? आपण लॉग न बघता प्रॉडक्शनला कोड टाकणाऱ्याला शिव्या घालतो, तसंच आहे हे. हेडफोन मागून बंद असलेला, म्हणजे क्लोज्ड-बॅक हवा, म्हणजे बाहेरचा आवाज आत येत नाही आणि आतला बाहेर जात नाही. सोनीचा एमडीआर-७५०६ हा मॉडेल १९९१ पासून जगभरच्या सेट्सवर वापरात आहे आणि त्याला अजून कोणी म्हातारा म्हणत नाही. रेकॉर्डर लांब असेल तर केबल लांब घ्या, रेकॉर्डर खांद्याला अडकवा, काहीही करा. आवाज सांभाळणारे दोघे असतील तर हेडफोनही दोन घ्या.

दुसरं साधन म्हणजे पोल, आणि इथे मला माझी बी.ई.ची डिग्री वापरायची संधी मिळते. :) ध्वनीचा नियम साधा आहे: मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झालं की थेट येणारा आवाज ६ डेसिबलने पडतो. खोलीतला गोंगाट मात्र तेवढाच राहतो. माइक तोंडापासून ४० सेंटिमीटरवर होता तो १६० वर गेला तर १२ डेसिबल गेले. मग रेकॉर्डरचा गेन वाढवलात तर काकूंबरोबर फ्रिजही वाढतो. म्हणजे स्वस्त माइक जवळ आणि महागडा माइक लांब अशी लढत झाली तर बहुतेक वेळा स्वस्त माइक जिंकतो. पोलचं सगळं प्रयोजन हेच आहे: फ्रेममध्ये न दिसता जितकं जवळ जाता येईल तितकं जाणं. असं सांगतात की १९२९ साली 'द वाइल्ड पार्टी' या बोलपटाच्या वेळी दिग्दर्शिका डोरोथी आर्झनरने क्लारा बोला सेटवर मोकळेपणी फिरता यावं म्हणून माइक चक्क मासे पकडायच्या गळाच्या काठीला बांधायला लावला. मूळ कल्पना तेवढीच, पुढे फक्त काठी सुधारत गेली.

काठी कार्बन फायबरची मिळाली तर उत्तम, नाहीतर ॲल्युमिनियमची. फरक किती पडतो? हिशेब करून बघा. माइक, त्याचा झुला आणि वाऱ्याचं कव्हर मिळून अर्धा किलो धरा. पोल ३ मीटर. मागचा हात टोकाला, पुढचा हात त्याच्यापुढे पाऊण मीटरवर. नुसत्या माइकच्या वजनासाठी पुढच्या हाताला २ किलो उचलावे लागतात आणि मागच्या हाताला दीड किलो खाली दाबावे लागतात. पोलचं स्वतःचं वजन वेगळंच. त्यामुळे पोलमधल्या प्रत्येक शंभर ग्रॅमचा भाव चौथ्या मिनिटाला कळतो. आणि हात डोक्यावर जवळजवळ सरळ ठेवायचे, म्हणजे भार स्नायूंऐवजी हाडांवर येतो. मी कोपरं वाकवून, छातीशी धरून उभा होतो. दुसऱ्या दिवशी कंगवा डोक्यापर्यंत पोचेना.

माइक तिसरा. होय, तिसरा. सगळे 'शॉटगन' म्हणून ज्याच्या मागे असतात तो लांबट माइक. त्यात सेनहायझरचा एमकेएच ४१६ सगळ्यात नावाजलेला, २५ सेंटिमीटर लांब आणि जेमतेम १६५ ग्रॅम. त्याच्या नळीला बाजूने फटी असतात. बाजूचा आवाज त्यांतून वेगवेगळ्या वेळी आत शिरतो आणि आपापसांत कटतो. मोकळ्यावर हे झकास चालतं. पण आपल्या फ्लॅटांच्या खोल्या म्हणजे गुळगुळीत भिंती आणि टाइल्स. तिथे आवाज भिंतींवर आपटून त्या फटींतून परत येतो आणि पोकळ लागतो. म्हणून घरात शूट करताना अनुभवी मंडळी बऱ्याचदा नळी नसलेला, छोटा हायपरकार्डिऑइड किंवा सुपरकार्डिऑइड माइक वापरतात. भाड्याने घेताना "शॉटगन द्या" म्हणण्याआधी "शूटिंग खोलीत आहे" एवढं सांगितलं तरी पुष्कळ. आणि यांतल्या बऱ्याच माइकना रेकॉर्डरकडून ४८ व्होल्टची फँटम पॉवर लागते, ते बटण चालू आहे ना बघा. हेडफोन असेल तर ते आपोआप कळतंच.

उरलेलं सामान स्वस्त आहे, पण त्याच्यावाचून अडतं. माइक पोलला थेट आवळायचा नाही. रबराचा झुला, म्हणजे शॉक माउंट हवा, नाहीतर बोटांची प्रत्येक हालचाल रेकॉर्ड होते. बाहेर शूट असेल तर केसाळ विंडशील्ड. नुसता स्पंज आपल्या टेकडीवरच्या वाऱ्यापुढे टिकत नाही. एक जादा एक्सएलआर केबल, जादा बॅटऱ्या, जादा मेमरी कार्ड. कापडी गॅफर टेप, केबलला व्हेलक्रोचे पट्टे. पायात मऊ तळव्याचे बूट किंवा नुसते मोजे. अंगठी, कडं, घड्याळ काढून खिशात. काळा टीशर्ट, कारण पांढरा शर्ट काचेत आणि कपाटाच्या आरशात दिसतो. आणि कॅमेरावाल्याला रिहर्सलमध्येच विचारायचं, लेन्स कोणती, फ्रेम कुठपर्यंत. माइक मुद्दाम खाली आणायचा, तो ओरडला की चार बोटं वर. ती आपली जागा. दिवा कुठे आहे तेही बघायचं, नाहीतर माइक दिसत नाही पण त्याची सावली नटाच्या कपाळावर नाचते.

एक बिनपैशाची युक्ती. शूटिंगसाठी फ्रिज बंद करायचा आणि गाडीची किल्ली त्या फ्रिजमध्येच ठेवायची. म्हणजे घरी निघताना फ्रिज चालू करायला विसरणं शक्यच नाही. आणि प्रत्येक जागा सोडण्याआधी सगळ्यांना तीस सेकंद गप्प उभं करून रिकाम्या खोलीचा आवाज रेकॉर्ड करायचा. एडिटिंगमध्ये सांधे लपवायला तोच लागतो.

आता कोणी म्हणेल, एवढा उपद्व्याप कशाला? हल्ली छोटे वायरलेस माइक मिळतात, ३२-बिट फ्लोट रेकॉर्डर आलेत, आवाज साफ करणारं एआय आलंय. बरोबर आहे आणि मी या सगळ्याचा भक्त आहे. रस्त्यावरच्या लाँग शॉटमध्ये बूम पोचतच नाही, तिथे कपड्यात लपवलेला माइकच हवा. पण काकूंच्या साडीच्या पदराखाली तो लावून बघा. प्रत्येक हालचालीला खसखस. ३२-बिट फ्लोटमुळे कोणी अचानक ओरडलं तरी रेकॉर्डिंगची पातळी फाटत नाही, पण लांबचा माइक जवळ येत नाही. आणि एआयचं म्हणाल तर ती तिसऱ्या टेकची फाइल मी अजून ठेवली आहे. मागच्या महिन्यात एका नव्या सॉफ्टवेअरमधून काढून पाहिली. फ्रिज गेला, अगदी पूर्ण गेला. काकू मात्र विहिरीतच राहिल्या. आणि तो आवंढा सॉफ्टवेअरने गोंगाट समजून पुसून टाकला.

आपल्याकडे कित्येक वर्षं हिंदी सिनेमे बहुतेक डबच होत होते, कॅमेऱ्यांचाच खडखडाट इतका की सेटवरचा आवाज फक्त संदर्भापुरता. 'लगान' (२००१) भुजजवळ सिंक साउंडमध्ये, म्हणजे जागेवरच्या आवाजात शूट झाला तेव्हा त्याचं केवढं अप्रूप होतं. २००९ मध्ये 'स्लमडॉग मिलियनेअर'साठी ध्वनिमिश्रणाचं ऑस्कर घेणारे रसूल पूकुट्टी आपल्या पुण्याच्याच एफटीआयआयचे. म्हणजे ही विद्या लॉ कॉलेज रोडवर शिकवतात, आणि तिथून काही किलोमीटरवर आम्ही "रिकामा आहे तो धरेल" म्हणत होतो.

चूक खरं म्हणजे सामानाची नव्हतीच. आमच्याकडे हेडफोनसकट सगळं होतं. बूम धरणं हे काम आहे असं आम्हाला वाटलंच नव्हतं, म्हणून त्या माणसाला कान द्यायचं कोणाला सुचलं नाही. ऐकणारा माणूस सेटवर एकच असतो. बाकी सगळे बघत असतात.

असो. मित्राला लिस्ट पाठवली, पहिल्या ओळीत हेडफोन. त्याचा लगेच रिप्लाय आला: "भारी! बूम धरायला बघतो कोणीतरी रिकामं."

मी फोनच लावला. म्हटलं, रिकामं कोणी बघू नकोस, मी येतो. पण हेडफोन माझ्याकडे राहील.