न्यायालय खुले, दप्तर बंद

भिलाईत कामगारनेते शंकर गुहा नियोगी यांची २८ सप्टेंबर १९९१ रोजी हत्या झाली. दुर्गच्या सत्र न्यायालयाने १९९७ मध्ये उद्योजकांसह सहा जणांना दोषी ठरविले. तेव्हाच्या जबलपूर उच्च न्यायालयाने पुढच्याच वर्षी सर्वांना सोडले. २००५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एकट्या मारेकऱ्याला जन्मठेप दिली. एकाच पुराव्याचे तीन अर्थ कसे निघाले, हे साक्षी वाचल्याखेरीज उमगणार नाही. सर्वोच्च न्यायालयाचे निकालपत्र संगणकावर मिळते. साक्षी मात्र न्यायालयाच्या दप्तरातच राहतात. पक्षकाराला त्यांची नक्कल मिळते; त्रयस्थाचे काय?

माहितीचा अधिकार येथे कामी येत नाही. अशी नक्कल न्यायालयीन नियमांनुसारच मागावी, असा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०२० मध्ये गुजरातच्या प्रकरणात दिला. गुजरातच्या नियमांत त्रयस्थाने प्रतिज्ञापत्रावर कारण देणे बंधनकारक आहे. पीडितांच्या खासगीपणासाठी ही सावधगिरी समजण्याजोगी आहे. परंतु अंतिम निकाल लागलेल्या खटल्यात कारण देण्याची जबाबदारी नकार देणाऱ्यावर हवी.

कनिष्ठ न्यायालयांसाठी नियम करण्याचा अधिकार घटनेच्या अनुच्छेद २२७ ने उच्च न्यायालयांना दिला आहे. छत्तीसगडपुरते हे पाऊल बिलासपूरने उचलावे; दिल्लीच्या आदेशाची वाट पाहण्याचे कारण नाही.