दोन प्रश्नांचे फसवे साम्य

आलेखशास्त्राच्या पुस्तकांत ऑयलरची फेरी आणि हॅमिल्टनची फेरी यांच्या व्याख्या बहुधा शेजारीशेजारी छापलेल्या असतात, आणि पहिलीत प्रत्येक कडेवरून एकदाच जावयाचे तर दुसरीत प्रत्येक शिरोबिंदूतून एकदाच, एवढाच काय तो भेद दिसत असल्यामुळे विद्यार्थी त्यांना सख्ख्या बहिणी समजून पाठ करतो. ही समजूत दुरुस्त न करताच त्याला परीक्षेस बसविणे हा त्याच्यावर व या शास्त्रावर अन्याय आहे, असे माझे स्पष्ट मत आहे.

प्रशियातील कोनिग्सबर्ग शहरी प्रेगेल नदीवर सात पूल होते, आणि प्रत्येक पूल एकदाच ओलांडून सारे शहर फिरता येईल काय, हा प्रश्न लिओनार्ड ऑयलरने १७३५ साली केवळ पुलांच्या मोजणीने निकालात काढला. ज्या भूभागात एका पुलाने शिरावे त्यातून बाहेर पडण्यास दुसरा पूल लागतो, म्हणून आरंभीचा व अखेरचा भूभाग वगळता प्रत्येकाच्या वाट्यास सम संख्येनेच पूल यावयास हवेत. तेथे तर मधल्या बेटास पाच व उरलेल्या तिन्ही भूभागांस प्रत्येकी तीन पूल होते, तेव्हा तशी फेरी अशक्य. उलटपक्षी, आकृती सलग असून सर्व संख्या सम असल्या तर फेरी निघतेच, याची सिद्धता कार्ल हिअरहोल्झरच्या १८७३ च्या लेखात आली. नकाशा केवढाही विस्तृत असो, चिकाटीचा साधा कारकूनही त्याचा निकाल खात्रीने देऊ शकेल.

दुसऱ्या प्रश्नास हॅमिल्टनचे नाव लाभले ते १८५७ साली त्याने द्वादशफलकाच्या वीस शिरोबिंदूंवर रचलेल्या खेळामुळे. पण बुद्धिबळातील घोड्याने पटावरील प्रत्येक घरी एकदाच जावे, हाही त्याचाच प्रकार, आणि नवव्या शतकातील रुद्रटाच्या ‘काव्यालंकारा’त अर्ध्या पटाएवढ्या बत्तीस अक्षरांचा श्लोक घोड्याच्या चालीने वाचला तरी तोच श्लोक हाती यावा, अशी तजवीज आहे. खुद्द ऑयलरनेही १७५९ साली घोड्याच्या या फेरीचा अभ्यास केला. परंतु पुलांचा फैसला एका मोजणीत करणाऱ्या त्या पुरुषासही येथे तसा सर्वस्पर्शी नियम सापडला नाही. प्रत्येक शिरोबिंदू एकूण शिरोबिंदूंपैकी निदान निम्म्यांशी जोडलेला असेल तर फेरी असतेच, असे गेब्रिएल डिरॅकने १९५२ साली दाखविले खरे. पण द्वादशफलकात प्रत्येक शिरोबिंदूस तीनच शेजारी असूनही फेरी निघते, म्हणजे ही अट पुरेशी असली तरी आवश्यक नव्हे. पुढे १९७२ साली रिचर्ड कार्पने या प्रश्नास अतिकठीण प्रश्नांच्या यादीत बसविले, आणि प्रत्येक आकृतीस लागू पडणारी शीघ्र रीत असू शकते की नाही, हे आजही अनिर्णित आहे.

अध्यापकांस माझी विनंती एवढीच की, व्याख्या सांगण्यापूर्वी त्यांनी फळ्यावर दोन आकृत्या काढाव्यात. एका शिरोबिंदूत जोडलेल्या दोन त्रिकोणांत कडांची फेरी सहज निघते, पण मधल्या बिंदूतून दोनदा गेल्यावाचून सर्व शिरोबिंदू गाठून परतता येत नाही. घनाच्या आठ कोपऱ्यांची फेरी निघते, पण प्रत्येक कोपऱ्यास तीन कडा असल्याने कडांची निघत नाही. विद्यार्थ्यांच्या हाती खडू द्यावा, त्यांना स्वतः धडपडू द्यावे, आणि मगच पुस्तक उघडावे.