कृषिदूत गावात आले, तर त्यांना शेत द्या

खरीप सुरू झाला की गावोगावी कृषिदूत आणि कृषिकन्या दिसू लागतात. राहुरी, अकोला, परभणी आणि दापोली या चार कृषी विद्यापीठांच्या महाविद्यालयांतील पदवीच्या शेवटच्या वर्षाचे हे विद्यार्थी ग्रामीण कृषी कार्यानुभवासाठी येतात. बीजप्रक्रियेचे प्रात्यक्षिक होते, फोटो निघतो, बातमी छापून येते. पुढे शेतात काय उरते?

बदल काय होतो आहे?

कार्यानुभव, अनुभवाधारित शिक्षण, उद्योगातील प्रशिक्षण, कौशल्य प्रशिक्षण आणि विद्यार्थी प्रकल्प हे सारे २०१५ मध्ये 'स्टुडंट रेडी' या एका छत्राखाली आले. आता सहाव्या अधिष्ठाता समितीच्या शिफारशींनुसार २०२४-२५ पासून नवा अभ्यासक्रम लागू होत असून त्यात कौशल्यावर अधिक भर आहे. ही तुकडी २०२७-२८ मध्ये चौथ्या वर्षाला पोहोचेल. कागदावर दिशा योग्य आहे. ती शेतात उतरणे मात्र बरेचसे आपल्यावर अवलंबून आहे.

अडचण कुठे आहे?

पहिली अडचण वेळेची. पेरणी उरकल्यावर दाखवलेली बीजप्रक्रिया त्या हंगामात उपयोगी पडत नाही. दुसरी अडचण मूल्यमापनाची. गुणांचा मोठा भाग नोंदवही, अहवाल आणि तोंडी परीक्षेवर ठरतो. शेतकऱ्याला काय फायदा झाला, हे त्यात क्वचितच दिसते. त्यामुळे विद्यार्थी 'दाखवायला' शिकतो, 'मोजायला' शिकत नाही.

आपण काय मागावे?

- पेरणीआधी आले तर: घरच्या सोयाबीनच्या १०० दाण्यांची ओल्या गोणपाटावर उगवण तपासून घ्या. ७० किंवा त्याहून जास्त दाणे उगवले तर शिफारशीप्रमाणे बियाणे वापरा. कमी उगवले तर त्या प्रमाणात बियाणे वाढवा.
- पेरणी करताना: एक पट्टा बीजप्रक्रियेचा आणि शेजारी एक नेहमीचा ठेवा. दोन्हींत पाच ठिकाणी एक मीटर ओळीतील रोपे मोजायला सांगा. काढणीला दोन्ही पट्ट्यांचे उत्पादन वेगळे तोला.
- पेरणीनंतर आले तर: कपाशीत एकरी दोन कामगंध सापळे लावून गुलाबी बोंडअळीचे पतंग रोज मोजायला द्या. सलग तीन रात्री प्रति सापळा आठ पतंग आढळले तर आर्थिक नुकसानीची पातळी गाठली, असे समजा. त्याआधीची फवारणी वाचली तर पैसे तुमचेच वाचतात.
- सोयाबीन निघाल्यावर: हरभऱ्यापूर्वी माती नमुना घ्या. नागमोडी चालत आठ-दहा जागांची माती एकत्र करून त्यातील अर्धा किलो ठेवा. बांध, झाडाखालची जागा आणि शेणखताच्या ढिगाजवळची जागा टाळा.

विस्तार कार्यकर्त्यांसाठी

विद्यार्थी येण्याआधी गावातील चार-पाच शेतकरी आणि त्यांचा प्रत्येकी एक प्रश्न ठरवून ठेवा. मागच्या तुकडीची नोंदवही नव्या तुकडीच्या हाती द्या. एका हंगामाच्या आकड्यावरून निष्कर्ष निघत नाही. जाताना अहवालाची एक प्रत ग्रामपंचायतीत आणि एक शेतकऱ्याकडे राहील, एवढे पाहा.

विद्यापीठाकडे प्रक्षेत्र आहे, पण तिथे पाणी, मजूर आणि खत वेळेवर मिळण्याची शक्यता जास्त असते. पावसाने दिलेली ओढ आणि हातात नसलेले भांडवल विद्यार्थ्याला तुमच्या बांधावरच कळते. यंदा ते आले तर सत्कारासोबत अर्धा एकर आणि एक प्रश्नही द्या.