पहाटे पळणारी पोरे

पहाटे पाचला मी फिरायला निघतो, तेव्हा परभणीच्या वसमत रस्त्यावर माझ्याआधीच पोरे आलेली असतात. कुणाच्या पायात बूट, कुणी अनवाणी. १६०० मीटर ठरलेल्या वेळात मारायचे, एवढे एकच गणित डोक्यात. 'कुठला रे तू?' विचारावे तर उत्तर येते जिंतूर, पालम, सोनपेठ, नाही तर पूर्णेकडचे एखादे खेडे. चौघांत मिळून खोली घ्यायची, पहाटे पळायचे, दुपारी लेखी परीक्षेची पुस्तके घोकायची. पोलीस भरती निघाली तर पोलीस, मिलिटरी निघाली तर मिलिटरी.

मध्यंतरी एका लग्नाच्या पंगतीत माझे एक निवृत्त स्नेही म्हणाले, "आजच्या पोरांना शिस्तच नाही. इस्रायलसारखी सक्तीची लष्करी सेवा पाहिजे." आजूबाजूच्या सगळ्यांनी माना डोलावल्या. मी विचारले, "तुमचा नातू काय करतो?" "तो पुण्याला, इंजिनिअरिंगला." मग लगेच जिलबीचा विषय निघाला.

सक्तीचा हा विषय हल्ली पुन्हा पुन्हा निघतो. २०२२ मध्ये रशिया-युक्रेन युद्ध पेटल्यावर युरोपातल्या देशांनाही तो आठवला. जर्मनीने २०११ मध्ये सक्तीची भरती थांबवली होती, तिथेही चर्चा नव्याने सुरू झाली. आपल्याकडे अशी सक्ती नाही. पण राज्यघटनेला ती अगदीच अपरिचित नाही. २३व्या कलमाने वेठबिगारी बंद केली. त्याच कलमात सार्वजनिक प्रयोजनासाठी सक्तीची सेवा लावण्याची मुभा सरकारला आहे. अट एकच : धर्म, वंश, जात वा वर्ग यांवरून भेदभाव करता येणार नाही. १९७६ मध्ये मूलभूत कर्तव्ये आली, त्यांतही हाक आल्यावर देशाचे रक्षण करणे हे एक आहे. म्हणजे हाक द्यायचीच झाली, तर ती वाड्यावरही गेली पाहिजे आणि तांड्यावरही.

पण कायद्याची सक्ती नाही म्हणून सक्तीच नाही, असे म्हणता येईल का? सातारकडे सैन्य हे घराण्यात असते. तिथल्या अपशिंगे गावाला लोक 'मिलिटरी अपशिंगे' म्हणतात. पहिल्या महायुद्धात कामी आलेल्या तिथल्या ४६ जवानांची आठवण गावाने जपली आहे. आमचा मुलूख १९४८ पर्यंत निजामाचा. बंदूक म्हटली की आमच्या वडीलधाऱ्यांना रझाकार आठवत, आणि भारतीय सैन्य त्यांनी पाहिले ते त्या सप्टेंबरात. घरात परंपरा नसताना आमची पोरे का पळतात? आजोबांचे वीस एकर वाटण्या होत होत नातवाकडे दोन एकर कोरडवाहू उरले म्हणून. सोयाबीनच्या भावावर घर चालत नाही म्हणून. आणि नोकरी नसलेल्या पोराला कुणी मुलगी देत नाही म्हणून.

पण या पोरांना बिचारी म्हणणेही बरोबर नाही. त्यांच्यात उमेद आहे, देशाचे प्रेमही आहे. त्यातला एक मला म्हणाला, "काका, स्टॉपवॉच वशिला बघत नाही." डोनेशन मागणारे जग ज्याने पाहिले, त्याला या घड्याळाची किंमत कळते.

माझी नोकरी बँकेत गेली. ग्रामीण शाखेत असताना दर नोव्हेंबरला एक निवृत्त हवालदार इस्त्रीचे कपडे घालून हयातीचा दाखला द्यायला येत. त्यांच्या पेन्शनवर एक विहीर झाली, दोन मुली शिकल्या आणि निम्म्या गावाला जामीन मिळाला. ते गेल्यावर त्यांची पत्नी अंगठा उमटवायला येऊ लागली. गावात पीक बुडाले तरी त्या घरात पहिल्या तारखेला पैसे येत.

जून २०२२ मध्ये अग्निपथ योजना आली. नोकरी चार वर्षांची. नंतर शंभरातले जास्तीत जास्त पंचवीस कायम होणार; बाकीच्यांना सुमारे ११ लाख ७१ हजारांचा सेवानिधी, पेन्शन नाही. सैन्याचे सरासरी वय कमी व्हावे, हा त्यामागचा एक विचार, आणि त्यात तथ्य आहे. निमलष्करी दलांत दहा टक्के राखीव जागाही तेव्हाच जाहीर झाल्या. पण मी हिशेब बँकवाल्याच्या सवयीने करतो. ही रक्कम सात टक्क्यांनी ठेवली तर महिन्याला ६,८०० रुपयांच्या आसपास व्याज येते. आणि ती ठेवलेली राहील का? ठोक पैसा गावात आला की त्याला पाय फुटतात. धरणाच्या मोबदल्याचे असेच झालेले मी माझ्या काउंटरवरून पाहिले आहे : बहिणीचे लग्न, कोरडी निघालेली बोअर, भावाची जीप, तीन वर्षांत पासबुक रिकामे. मुलीचा बाप तर आताच विचारतो, "कायम आहे का?"

मरणाला मात्र चार वर्षे आणि पंधरा वर्षे हा फरक कळत नाही. ऑक्टोबर २०२३ मध्ये शेजारच्या बुलढाणा जिल्ह्यातला एक अग्निवीर सियाचीनला कर्तव्यावर असताना गेला. विम्याची आणि मदतीची रक्कम मोठी असते, हे खरे. पण दर महिन्याची पेन्शन त्या आईवडिलांना नाही.

पहिल्या तुकडीची चार वर्षे २०२६ च्या अखेरीपासून भरतात. जिल्ह्यात कोण परत येणार, याची यादी गावागावांत आधीच करता येते. पैसा खात्यात पडण्यापूर्वी शाखाधिकाऱ्याने पोराला आणि त्याच्या आईला समोर बसवून तासभर बोलावे; हे कुठल्या परिपत्रकावाचून होऊ शकते. आणखी एक. छत्रपती संभाजीनगरात १९७७ पासून राज्य सरकारची सैनिकी सेवापूर्व शिक्षण संस्था आहे. दहावी झालेल्या मुलांना ती खडकवासल्याच्या प्रबोधिनीसाठी, म्हणजे अधिकारी होण्यासाठी तयार करते. आमच्या किती शाळांत मास्तर तिचे नाव सांगतात? कोरडवाहू पोराने जवानच का व्हावे?

परवा एका पोराने माझ्या हातात त्याचा मोबाइल दिला. "काका, वेळ लावता का?" तो पळाला. थोडे सेकंद जास्त झाले. गुडघ्यावर हात टेकून धापा टाकत म्हणाला, "उद्या बघू." मी विचारले, "चार वर्षांनी परत आलास तर?" "वावर हायेच की," तो म्हणाला आणि हसला.

पंगतीतल्या माझ्या स्नेह्यांना एकदा या रस्त्यावर आणायचे आहे. सक्तीवर मग बोलू; आधी ते घड्याळ त्यांच्या हातात द्यायचे आहे.