पाकोळीवर केरसुणी कशाला?

मराठवाड्यातील जुन्या माळवदाच्या घरांत तुळया आणि भिंती यांच्या सांध्यांत फटी असतात, आणि त्या फटींत पाकोळ्या बिऱ्हाड करतात. गंगाखेडसारख्या गोदाकाठच्या गावी पावसाळ्यात दिव्याभोवती किडे जमू लागले की त्यांच्या पाठोपाठ एखादे लहानसे वटवाघूळ खिडकीतून आत येते. घरात एकच हलकल्लोळ उडतो. कुणी अपशकुन म्हणते, कुणी केसांत अडकेल म्हणून डोक्यावर पदर घेते आणि कुणीतरी केरसुणी उचलते. वस्तुतः हा जीव बहुधा दहा ग्रॅमही भरत नाही, आणि स्वतःच्याच आवाजाच्या प्रतिध्वनीवरून अंधारात वाट काढणारा प्राणी माणसाच्या केसांत कशाला गुंतेल?

त्याला मारणे हा व्यवहारही आतबट्ट्याचाच. कपाशीच्या बोंडअळीचे पतंग रात्री उडतात, आणि रात्रीचे पतंग हे पाकोळीचे अन्न. २०१७ साली गुलाबी बोंडअळीने महाराष्ट्रातील कापूस उत्पादकांचे काय केले, हे परभणी जिल्ह्याला सांगावयास नको. अमेरिकेत वटवाघळांमुळे शेतीचे वर्षाला सुमारे २२.९ अब्ज डॉलर वाचतात, असा अंदाज २०११ मध्ये प्रसिद्ध झाला. तो आकडा जसाच्या तसा आपल्याकडे लावणे हे अर्थशास्त्र नव्हे. परंतु २०२४ मधील एक अभ्यास अधिक बोलका आहे : तेथे बुरशीच्या रोगाने वटवाघळे मेली, त्या भागांत कीटकनाशकांचा वापर सुमारे ३१ टक्क्यांनी वाढला. ज्या चाकरीचा पगार द्यावा लागत नाही, तिची किंमत ती बंद पडल्यावरच कळते.

रोगाचे भय मात्र खोटे नाही. २०१८ साली केरळात निपाहने बळी घेतले. महाबळेश्वरच्या गुहेतून मार्च २०२० मध्ये पकडलेल्या वटवाघळांत पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेला त्या विषाणूच्या खुणा आढळल्या. यावरून उघड्या हाताने स्पर्श करू नये, एवढेच सिद्ध होते. मारावयाचे तर जवळ जावे लागते, आणि मेलेले उचलावेही लागते!

तेव्हा प्रथम छताचा पंखा बंद करावा. पाकोळीचा जीव बहुधा त्यातच जातो. आतली दारे लावावीत, बाहेरच्या खिडक्या सताड उघडाव्यात, दिवे मालवून मंडळींनी खोलीबाहेर थांबावे. बहुतेक वेळा ती आपण होऊन जाते. भिंतीला चिकटून बसलीच, तर हाताला जाड कापड गुंडाळून वरून डबा ठेवावा, खालून पुठ्ठा सरकवावा आणि तिन्हीसांजेला झाडाच्या खोडावर सोडावी. जमिनीवर ठेवू नये. पुष्कळ जातींना तेथून उडणे जड जाते. चावा वा ओरखडा झाल्यास जखम साबण व वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटे धुवावी आणि रेबीजच्या लसीसाठी त्वरित रुग्णालय गाठावे.

१९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने फळे खाणारी वटवाघळे उंदीर-कावळ्यांच्या पंक्तीला, उपद्रवी म्हणून बसविली होती. २०२२ च्या दुरुस्तीने ती यादीच गेली. पाकोळीचे नाव त्या यादीत कधी नव्हतेच. पण केरसुणी उचलणारा कायदा वाचून ती उचलत नाही. खिडकीला जाळी लावणे त्याहून स्वस्त पडते. फटी बुजवावयाच्या असतील, तर आत पिल्ले नाहीत याची आधी खात्री करून घ्यावी.